चकवा ‘लागतो’ : लोककथेतील भय आणि व्हिडिओ गेमची रचना

लोककथेतील भुतांची रूपे व्हिडिओ गेममध्ये आणणे फारसे कठीण नाही. त्यांचे व्याकरण आणणे कठीण आहे. मराठीत भूत लागते, दृष्ट लागते, चकवा लागतो. भूक, तहान आणि ऊनही लागतेच. ‘त्याला चकवा लागला’ या वाक्यात कर्तृपद माणसाकडे नाही. भय ही करावयाची नव्हे, भोगावयाची गोष्ट आहे, हा लोकमानसाचा निर्णय भाषेने असा जपून ठेवला आहे. याउलट व्हिडिओ गेम हा मुळातच कर्त्याचा खेळ होय. ज्याच्या हाती सतत कर्तृत्व आहे त्याला काही ‘लागावे’ कसे, हा भयप्रधान गेमच्या रचनेतील खरा प्रश्न आहे.

इंडोनेशियातील ‘ड्रेडआउट’ (२०१४) या गेममधील पोचोंग, कुंतिलानक इत्यादी भुते तेथील लोकसमजुतींतून आलेली आहेत. परंतु त्यांचा प्रतिकार छायाचित्र टिपून करावयाचा, हा नियम ‘फेटल फ्रेम’ (२००१) या जपानी गेमच्या परंपरेतला आहे. भुते घरची आणि कायदा परका, अशी ही स्थिती. तैवानमधील ‘डिटेन्शन’ (२०१७) मध्ये मात्र भुताजवळून जाताना श्वास रोखावा लागतो. श्वास रोखल्यास प्रेताला माणसाचा सुगावा लागत नाही, हा चिनी लोककथांतील समज येथे खेळाचा नियमच झाला आहे. खेळणाऱ्याची मुख्य क्रिया म्हणजे स्वतःला आवरणे. म्हणून तेथे भय खरोखर अंगाला भिडते.

पुण्यात निर्माण झालेल्या ‘राजी’ (२०२०) या गेममध्ये एक मुलगी असुरांशी झुंजते. देवासुरसंग्राम हा पुराणांचा विषय असल्याने तेथे युद्ध शोभते. पण तोच साचा लोकसमजुतींतील भुतांना लावल्यास घोटाळा होईल. सोडमुंजीपूर्वी वारलेल्या मुलाचा मुंजा होतो व तो पिंपळावर राहतो, अशी समजूत आहे. फैजपूर ज्या यावल तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील अट्रावल येथे माघात मुंजोबाची यात्रा भरते. ज्याचे भय, त्यालाच नवस. त्याला मारावयाचे नसते, त्याचे देणे फेडावयाचे असते. त्याला तलवारीसमोर उभे केले की नाव तेवढे मुंजाचे राहील.

चकव्याची गोष्ट याहून बोधक आहे. सातपुडा आणि तापी यांमधील फैजपूरच्या परिसरात केळीच्या बागा आहेत. तेथील सारख्या ओळींतून रात्री चालणाऱ्यास चकवा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागणार नाही. चकव्याला चेहरा नाही. रात्रभर चालूनही माणूस मूळ जागीच येतो, एवढेच त्याचे स्वरूप. त्यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे जागीच बसून उजाडण्याची वाट पाहणे. पडद्याच्या कोपऱ्यातील नकाशा आणि दिशादर्शक बाण असेपर्यंत गेममध्ये चकवा अवतरू शकत नाही. तो आणावयाचा तर नकाशा काढून घ्यावा लागेल आणि न चालणे हीच योग्य चाल ठरवावी लागेल.

हा दोष केवळ गेमकारांचाच नव्हे. लेवा बोलीतील वा अहिराणीतील भुतांची नावे आणि वर्णने तेवढी टिपणारा संग्राहकही तीच चूक करतो. कोणत्या वेळी, कोणत्या जागी, काय वर्ज्य आणि उपाय कोणता, तसेच सांगणाऱ्याने क्रियापद कोणते वापरले, हे नोंदले नाही, तर सांगणारी पिढी गेल्यावर उरतील ती केवळ नावे. आणि नुसत्या नावाला कोणी भीत नाही.