चाहत्यांच्या हातातली कात्री

चित्रपट आवडला नाही की घरी येताना आपण काय म्हणतो? 'पहिली २० मिनिटं उडवायला हवी होती.' 'तो विनोदी माणूस कशाला घातला?' इथवर आपण सगळेच समीक्षक असतो. बोलून मोकळं होता येतं, करून बघावं लागत नाही. आज आपण अशा प्रेक्षकांचा विचार करू, ज्यांनी ते करून बघितलं.

१९९९ साली जॉर्ज लुकास यांचा 'द फँटम मेनेस' आला. 'स्टार वॉर्स' मालिकेत १६ वर्षांनी आलेला चित्रपट, त्यामुळे अपेक्षा प्रचंड. पुष्कळ चाहते हिरमुसून बाहेर पडले. त्यांतल्या एका संकलकानं व्हीएचएस प्रत घेतली, तिच्यातली सुमारे २० मिनिटं कमी केली आणि 'द फँटम एडिट' तयार केला. २००१ पर्यंत त्याच्या प्रती हातोहात फिरू लागल्या होत्या. जार जार बिंक्सच्या माकडचेष्टा, राजकारणाची लांबण, पात्रांची उगाचची बडबड यांना त्यानं कात्री लावली.

आता एक बारीक जागा बघा. शेवटच्या लढाईत छोटा अनाकिन शत्रूच्या जहाजात शिरतो. त्याचा मारा चुकून नेमक्या ठिकाणी लागतो आणि तो म्हणतो, 'ऊप्स'. म्हणजे विजय मिळाला तो अपघातानं! असले उद्गार या आवृत्तीत गेले. शब्द एवढासाच, पण तो गेला की तीच दृश्यं मुलाच्या कौशल्याची वाटू लागतात. पान-पानभर टीका लिहून जे पटवावं लागलं असतं, ते एका कापानं दाखवता आलं. म्हणून आम्ही अशा संकलनाला समीक्षाच म्हणतो.

कुणी विचारेल, दुसऱ्याच्या कृतीला हात लावणारे हे कोण? पण संकलनाच्या टेबलावर गोष्ट बदलते, हे या मालिकेनं स्वतःच शिकवलं आहे. १९७७ च्या पहिल्या चित्रपटाचं संकलन मार्शिया लुकास, रिचर्ड च्यू आणि पॉल हर्श यांनी केलं आणि त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. ल्यूक आणि त्याच्या मित्रांचे सुरुवातीचे प्रसंग तिथेच गळाले. शेवटच्या लढाईत डेथ स्टार बंडखोरांच्या तळावर नेम धरून येतोय, वेळ संपत चाललीय, हा ताणही मुख्यतः संकलनात उभा राहिला.

मात्र इथे एक फरक आहे. त्या तिघांच्या हाताशी न वापरलेलं चित्रण होतं, नवे संवाद ध्वनिमुद्रित करण्याची सोय होती. चाहत्याजवळ फक्त तयार चित्रपट. त्याला प्रामुख्यानं काढताच येतं, नवं फारसं घालता येत नाही. म्हणूनच त्याची कात्री दोन प्रकारचे दोष वेगळे करून दाखवते: जास्त झालेलं आणि मुळातच नसलेलं.

'अटॅक ऑफ द क्लोन्स' (२००२) घ्या. त्यातले अनाकिन आणि पाद्मे यांचे प्रेमप्रसंग अनेकांना अवघडलेले वाटतात. मग टाका कापून! पण पुढच्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मध्ये (२००५) पाद्मे मरेल या भीतीनंच अनाकिन वाईट मार्गाला लागतो. प्रेम कापलं तर पतनाला आधार राहत नाही. ठेवलं तर ते पटत नाही. ही अडचण कात्रीची नाही, पटकथेची आहे. आणि ती इतकी स्पष्ट दिसते, ती कुणीतरी कापायला बसलं म्हणूनच.

आता सगळ्यांत नाजूक मुद्दा. १९८८ साली लुकास अमेरिकी काँग्रेससमोर गेले आणि जुन्या चित्रपटांत फेरफार करण्याविरुद्ध कळकळीनं बोलले. १९९७ मध्ये त्यांनी स्वतःच आपल्या पहिल्या तिन्ही चित्रपटांच्या बदललेल्या आवृत्त्या आणल्या. आधी हान सोलो थेट गोळी झाडत असे. आता ग्रीडो आधी झाडू लागला, आणि हानचा बेरकीपणा बोथट झाला. आपल्या कृतीकडे परत वळण्याचा हक्क कलावंताला आहेच. खटकलं ते हे, की पुढे नवी आवृत्तीच मूळ म्हणून मिरवू लागली आणि १९७७ चा चित्रपट जसाच्या तसा चांगल्या प्रतीत मिळेनासा झाला. तेव्हा काही चाहते उलट कामाला लागले: सुधारायला नव्हे, जुनं जसं होतं तसं परत जुळवायला.

मग आपली कसोटी काय? आमच्या मते, कापणारा कोण, दिग्दर्शक की चाहता, याला दुय्यम महत्त्व आहे. मूळ कृती शेजारी उभी आहे का, हे आधी बघावं. ती असेल तर कापलेली आवृत्ती तिच्याशी वाद घालते, आणि वाद ऐकून आपण शहाणे होतो. ती नसेल तर वाद उरत नाही, नुसती खाडाखोड उरते.

तेव्हा पुढच्या वेळी '२० मिनिटं उडवायला हवी होती' असं म्हणाल, तेव्हा एवढं करा: नेमकी कोणती, ते सांगा. आणि ती गेल्यावर पुढचं काय काय कोसळतं, तेही बघा.