‘अभित्याग’ आणि ‘नांदवणे’ : घटस्फोटाच्या एका कारणाची चिकित्सा

प्रस्तावना

विवाहविच्छेदाच्या कायदेशीर कारणांमध्ये क्रूरतेची चर्चा विपुल प्रमाणात झालेली आढळते. त्या मानाने ‘अभित्याग’ हे कारण अभ्यासकांकडून काहीसे उपेक्षित राहिले आहे. वरवर पाहता ते सर्वांत सोपे कारण वाटते. पती किंवा पत्नी घर सोडून गेली, दोन वर्षे उलटली, की अर्ज दाखल करावा, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः हे कारण सिद्ध करण्यास अवघड आहे आणि त्याचा दुरुपयोग मात्र सहज होऊ शकतो. घर कोणी सोडले हा प्रश्न आणि सहजीवन कोणी मोडले हा प्रश्न, हे दोन प्रश्न एक नाहीत. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांतील अंतराची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. हे विवेचन हिंदू विवाह अधिनियम, १९५५ पुरते मर्यादित आहे.

कायद्यातील तरतुदीची वाटचाल

महाराष्ट्रातील अनेक जातींमध्ये काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी या नावांनी विवाहविच्छेदाची रूढी पूर्वापार होती. १९५५ च्या अधिनियमातील कलम २९(२) ने अशा रूढींना संरक्षणही दिले. मात्र ज्या जातींत अशी रूढी नव्हती, तेथील स्त्रीपुरुषांना मुंबई प्रांतात प्रथम वाट मिळाली ती मुंबई हिंदू घटस्फोट अधिनियम, १९४७ मुळे. त्या कायद्यात सलग चार वर्षांचा अभित्याग हे घटस्फोटाचे एक कारण होते. पुढे १९५५ चा केंद्रीय अधिनियम आला तेव्हा अभित्याग हे केवळ न्यायिक विभक्ततेचे कारण ठरविण्यात आले. १९७६ च्या दुरुस्तीने ते पुन्हा घटस्फोटाचे कारण झाले आणि मुदत अर्जापूर्वीची सलग दोन वर्षे अशी निश्चित झाली.

या तरतुदीला जोडलेले स्पष्टीकरण विशेष महत्त्वाचे आहे. त्यानुसार वाजवी कारणाशिवाय आणि अर्जदाराच्या संमतीशिवाय किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध केलेला त्याग म्हणजे अभित्याग होय; जोडीदाराची बुद्धिपुरस्सर उपेक्षा करणे याचाही त्यात समावेश होतो. म्हणजेच कायद्याने अभित्यागाची सांगड उंबरठा ओलांडण्याशी घातलेली नाही. अभित्याग म्हणजे एखाद्या जागेतून निघून जाणे नव्हे, तर सहजीवनाच्या स्थितीतून निघून जाणे, हे इंग्लिश न्यायनिर्णयांतील तत्त्व भारतीय न्यायालयांनीही स्वीकारले आहे.

१९५६ चे निकालपत्र : एक वाचन

या विषयावरील मूलभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९५६ मध्ये दिला (ए.आय.आर. १९५७, सर्वोच्च न्यायालय, १७६). न्यायमूर्ती भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी लिहिलेले हे निकालपत्र मुंबईतील एका दाव्यातून उद्भवले होते. दावा १९४७ च्या मुंबई अधिनियमाखाली पतीने दाखल केला होता. पती परदेशी गेला असताना पत्नीने लिहिलेल्या एका पत्रावरून वाद निर्माण झाला आणि मे १९४७ मध्ये पत्नी जळगावला माहेरी निघून गेली. पतीने वकिलामार्फत नोटीस पाठविली. चार वर्षांनंतर, जुलै १९५१ मध्ये, अभित्यागाच्या कारणावरून त्याने घटस्फोट मागितला. मूळ न्यायाधीशांनी तो मंजूर केला, अपिलीय पीठाने फिरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने हा दुसरा निर्णय कायम ठेवला.

निकालपत्राने अभित्यागाचे घटक स्पष्ट केले. त्याग करणाऱ्याच्या बाजूने प्रत्यक्ष विभक्तता आणि सहजीवन कायमचे संपविण्याचा हेतू, हे दोन घटक आवश्यक ठरले. त्यागिलेल्याच्या बाजूने संमतीचा अभाव आणि जोडीदाराला घर सोडण्यास वाजवी कारण मिळेल अशा वर्तनाचा अभाव, हे दोन घटक आवश्यक ठरले. हे सर्व संपूर्ण मुदतभर टिकले पाहिजेत आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर राहील. शिवाय घर सोडून गेलेली व्यक्ती मुदत पूर्ण होण्यापूर्वी प्रामाणिकपणे परत येण्याची तयारी दाखवील आणि दुसरा पक्ष ती अकारण नाकारील, तर अभित्यागाचा दोष नाकारणाऱ्याकडे जाऊ शकतो.

पत्नी स्वतःहून गेली हे न्यायालयाने अमान्य केले नाही. प्रश्न होता तो पुढील चार वर्षांतील तिच्या हेतूचा. तिला परत पाठविण्यासाठी माहेरच्यांनी केलेले प्रयत्न आणि पत्नीला पाठवू नये अशा आशयाची पतीने केलेली तार यांचा विचार करता, तिचा कायमचा त्याग करण्याचा हेतू सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. जी परत येण्याच्या बेतात नाही तिला ‘पाठवू नका’ अशी तार करण्याचे कारणच उरत नाही. एका तारेने चार वर्षांच्या कथेचा अर्थ बदलला.

मात्र याच ठिकाणी निकालपत्राची एक मर्यादाही जाणवते. ती तत्त्वाची नसून त्या तत्त्वाला उपलब्ध झालेल्या पुराव्याची आहे. दोन्ही कुटुंबे पत्रव्यवहार करणारी, तार पाठविणारी, वकील नेमणारी होती. हेतू ही अदृश्य गोष्ट न्यायालयाला कागदावरून वाचता आली, कारण कागद अस्तित्वात होता. ज्या दाव्यांत असा कागद नसतो, तेथे हेच तत्त्व कोणाच्या बाजूने झुकते, हा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

दोन क्रियापदे

मराठी भाषेने या प्रश्नाची उकल फार पूर्वी करून ठेवली आहे. मराठी विधिलेखनात ‘अभित्याग’ हा संस्कृतोद्भव शब्द रूढ झाला. तो तटस्थ आहे. त्यात कर्ता स्त्री की पुरुष, घराबाहेर की घरात, याचा बोध होत नाही. लोकव्यवहारात मात्र ‘नांदणे’ आणि ‘नांदवणे’ ही क्रियापदे वापरली जातात. यांपैकी दुसरे प्रयोजक क्रियापद आहे. ‘ती नांदत नाही’ आणि ‘तो तिला नांदवत नाही’ ही दोन विधाने एकाच बाह्य परिस्थितीचे वर्णन करतात. दोन्हींत स्त्री माहेरी आहे आणि पुरुष स्वतःच्या घरी आहे. परंतु पहिल्या विधानात दोष तिच्याकडे जातो, दुसऱ्यात त्याच्याकडे. ज्याला कायदा ‘आन्वयिक अभित्याग’ म्हणतो, म्हणजे घरात राहूनही जोडीदाराला घर सोडण्यास भाग पाडणे, ती संकल्पना ‘नांदवणे’ या एका प्रयोजक रूपात सामावलेली आहे.

‘टाकलेली’ हा शब्दही याच जातीचा आहे. त्यात स्त्री निघून गेलेली नाही, तिला कोणीतरी टाकले आहे. संगमनेर येथे १९८८ मध्ये परित्यक्तांचा प्रश्न संघटितपणे पुढे आला, तेव्हा या शब्दामागील कर्त्यालाच जाब विचारला गेला. पोटगी, निवारा, शिधापत्रिका हे त्या चळवळीचे प्रश्न होते. टाकलेली स्त्री विवाहित म्हणून नांदत नव्हती आणि घटस्फोटित म्हणून मोकळीही नव्हती. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित व्यक्तींची संख्या सुमारे १३.६ लाख, तर विभक्त व्यक्तींची संख्या सुमारे ३५ लाख होती. न्यायालयापर्यंत न पोहोचलेल्या किंवा तेथे अडकलेल्या विवाहांचा विस्तार या तफावतीवरून लक्षात येतो.

कागदाची मालकी

विवाहानंतर स्त्रीनेच घर बदलावयाचे, ही येथील रीत आहे. परिणामी विवाह मोडतो तेव्हा घराबाहेर पडणारी व्यक्तीही बहुतेक वेळा तीच असते. जो घरात राहतो त्याला नोंदणीकृत डाकेने ‘नांदावयास यावे’ अशी नोटीस पाठविता येते, कलम ९ खाली सहजीवनाच्या पुनःस्थापनेचा अर्ज करता येतो, आणि पोचपावत्या सांभाळून दोन वर्षांनी अभित्यागाचा दावाही मांडता येतो. तिच्या बाजूचा पुरावा मात्र निराळ्या स्वरूपाचा असतो. भाऊबंदांच्या बैठकी, मध्यस्थांनी घातलेल्या समजुती, सासरच्या दारातून परत यावे लागणे, या गोष्टींची लेखी नोंद क्वचितच होते. त्यांचे साक्षीदार नातेवाईकच असतात आणि नातेवाईकांची साक्ष पक्षपाती ठरविणे सोपे असते.

याचा अर्थ पत्नीने केलेला अभित्याग खराच नसतो, असा नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या एका प्रकरणात पतिपत्नी जुलै २००९ पासून विभक्त होते. डिसेंबर २००९ मध्ये सासूच्या निधनानंतर पत्नी एका दिवसासाठी सासरी आली होती. एका दिवसाच्या येण्याने सहजीवन पुन्हा सुरू होत नाही, असे मानून न्यायालयाने अभित्यागाच्या कारणावर घटस्फोट दिला आणि पत्नीला १५ लाख रुपये देण्याचा आदेश केला. हा निर्णय १९५६ च्या तत्त्वाशी सुसंगत आहे. केवळ येणे म्हणजे नांदणे नव्हे, तर त्याच न्यायाने केवळ जाणे म्हणजे अभित्याग नव्हे.

पोटगीच्या क्षेत्रातही हीच कसोटी लागू होते. पुरेशा कारणाशिवाय पतीसोबत राहण्यास नकार देणाऱ्या पत्नीचा पोटगीचा हक्क फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५(४) ने नाकारला होता; जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४(४) मध्ये आहे. पतीने कलम ९ खाली हुकूमनामा मिळविला आणि पत्नी परत गेली नाही, एवढ्यावरून तिची पोटगी आपोआप बंद होत नाही, न जाण्याचे कारण तपासले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. नोटीस आणि हुकूमनामा यांच्या पलीकडे जाऊन वस्तुस्थिती पाहण्याची ही दिशा स्वागतार्ह आहे.

निष्कर्ष

विवाह पूर्णपणे मोडकळीस आल्याच्या कारणावर घटस्फोट द्यावा, अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ आणि २००९ मध्ये केली. घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालयाला तसे करता येते, हे घटनापीठाने मे २०२३ मध्ये मान्य केले. तथापि अधिनियमात हे कारण अद्याप नाही आणि कौटुंबिक न्यायालयांना तो अधिकारही नाही. ते कारण स्वीकारल्यास ‘कोणी कोणाला सोडले’ हा प्रश्न विचारण्याची गरजच उरणार नाही, असे त्याचे समर्थक म्हणतात. परंतु जिला टाकले गेले तिच्या दृष्टीने हा प्रश्न न विचारला जाणे, हाही एक अन्यायच ठरू शकतो.

म्हणून प्रचलित कायद्यातील साधनेच अधिक काटेकोरपणे वापरली जाणे आवश्यक आहे. कलम २३(१)(अ) अर्जदाराला स्वतःच्या गैरवर्तनाचा लाभ घेऊ देत नाही. अभित्यागाच्या प्रत्येक अर्जात याची तपासणी झाली पाहिजे. नोटिशीचे मोल तिच्या पोचपावतीवरून न ठरता, तिच्यानंतर पतीने प्रत्यक्ष काय केले यावरून ठरले पाहिजे. बैठकींची आणि मध्यस्थांची तोंडी साक्ष ही दुय्यम न मानता, तिचे परीक्षण त्या समाजाच्या व्यवहाराच्या संदर्भात झाले पाहिजे. ‘ती का नांदली नाही’ या प्रश्नासोबत ‘तिला कोणी नांदवले नाही’ हा प्रश्न न्यायालयात विचारला जाईल, तेव्हाच अधिनियमातील स्पष्टीकरणाचा पूर्ण अर्थ व्यवहारात उतरेल.