बँडने सांगितलेली प्रागची कहाणी

बँड म्हटला की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर लग्नाची वरात उभी राहते. लाल डगले, पितळी बटणे, पुढे ढोल आणि गाल फुगवून फुंकणारा घामाघूम ट्रंपेटवाला. ज्यांचे बालपण मुंबईत गेले त्यांना कूपरेजचा बँडस्टँड किंवा पोलिसांचा बँड आठवेल. बँडने वाजवावे आणि लोकांनी त्याच्या तालावर चालावे, नाचावे, फार तर उभे राहून टाळ्या वाजवाव्यात, एवढीच त्याची कामगिरी अशी आपली समजूत असते. गंभीर संगीत ऐकायचे तर व्हायोलिने हवीत, असे आपण धरून चालतो.

इस्राएलमध्ये ही समजूत फार दिवस टिकू नये. येथे गावोगावच्या संगीतशाळांत मुलामुलींचे फुंकवाद्यांचे वृंद आहेत. १९९० नंतर सोव्हिएत संघातून आलेल्या अनेक संगीतशिक्षकांनी या शाळांना बळ दिले. आपल्याही घरांतून एखादी नात क्लॅरिनेटची पेटी घेऊन बाहेर पडते, एखादा नातू संध्याकाळभर ट्रंपेट वाजवून शेजाऱ्यांची झोप उडवतो. वर्षअखेरच्या कार्यक्रमाला आपण सहकुटुंब जातो, फोटो काढतो, मुलांचे कौतुक करतो. पण मुलांनी वाजवले ते काय होते आणि त्याची योग्यता किती, याविषयी घरी परतताना सहसा बोलणे होत नाही.

म्हणून येथे आम्ही अशा वृंदासाठी लिहिलेल्या एका मोठ्या रचनेचे परीक्षण वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारेल हुसा या चेक संगीतकाराची ही रचना, नाव ‘म्यूझिक फॉर प्राग १९६८’. वर्णनपर संगीत कसे असावे याचा हा आमच्या मते उत्तम दाखला आहे. जन्मगाव मागे टाकून आलेल्या माणसाला तर त्यात याहूनही अधिक काही ऐकू येईल.

वर्णनपर संगीत म्हणजे एखादे स्थळ, प्रसंग किंवा कथा सुरांतून उभी करू पाहणारे संगीत. आपल्याकडे कीर्तनकार योसेफाची कथा लावतो, तेव्हा खड्डा, मिसर देश आणि भावांची भेट हे सारे तो शब्दांनी सांगतो. पेटी आणि झांजा साथीला असतात. सिंफनिक बँडजवळ शब्द नाहीत. त्याच्याजवळ बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, हॉर्न, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा आणि तालवाद्यांचा मोठा ताफा आहे. एवढ्यावर कथा सांगायची तर पहिला मोह होतो तो नक्कल करण्याचा. वादळ दाखवायचे तर पत्रा हलवा, आगगाडी दाखवायची तर शिट्टी फुंका. या मोहातून थोरही सुटलेले नाहीत. बेथोव्हेनने १८१३ साली वेलिंग्टनच्या विजयावर जी रचना केली तिच्यात तोफा आणि बंदुका धडधडतात. ती मुळात फुंकवाद्यांचे आणि ढोलांचे आवाज काढणाऱ्या एका यांत्रिक वाद्यासाठी योजलेली होती. त्या काळी ती अतिशय गाजली. आज तिला बेथोव्हेनच्या उत्तम कृतींत कोणी बसवीत नाही. तोफ एकदा ओळखली की ऐकणाऱ्याचे काम संपते. दुसऱ्यांदा ऐकण्याजोगे त्यात फारसे उरत नाही.

दुसऱ्या वाटेचे उदाहरण गुस्टाव होल्स्ट यांनी १९३० साली दिले. बीबीसीच्या मिलिटरी बँडसाठी त्यांनी ‘हॅमरस्मिथ’ नावाची रचना लिहिली. लंडनच्या या भागात त्यांनी वर्षानुवर्षे मुलींच्या शाळेत संगीत शिकवले होते. रचनेच्या आरंभी खालच्या वाद्यांतून टेम्स नदी संथपणे सरकते. मग बाजाराची गर्दी, थट्टा, गोंगाट उसळतो, आणि शेवटी पुन्हा तीच नदी, कोणाचीही दखल न घेता. पाण्याच्या खळखळाटाची नक्कल येथे कोठेही नाही. वर्णन आहे ते दोन गतींच्या शेजारात. नदी आणि माणसे एकमेकांना न विचारता एकाच जागी राहतात, हे होल्स्ट यांनी सुरांच्या मांडणीतूनच दाखवले.

होल्स्ट यांचे गाव त्यांच्या दाराबाहेर होते. हुसा यांचे गाव त्यांना बंद झालेले होते, आणि येथे आपल्या विषयाला खरी धार येते.

कारेल हुसा यांचा जन्म १९२१ साली प्रागमध्ये झाला. घरच्यांना ते इंजिनियर व्हायला हवे होते. परंतु १९३९ साली नाझींनी तेथील उच्च शिक्षणाच्या संस्था बंद केल्या आणि पुढे हा तरुण संगीताच्या शाळेत दाखल झाला. युद्धानंतर तो शिकण्यासाठी पॅरिसला गेला. मायदेशी कम्युनिस्ट राजवट आल्यावर त्याने परतायचे नाकारले, तेव्हा त्याचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. १९५४ पासून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवीत होते आणि १९५९ साली ते अमेरिकन नागरिक झाले.

१९६८ च्या आरंभी अलेक्झांडर डूबचेक यांच्या नेतृत्वाखाली चेकोस्लोव्हाकियात मोकळेपणाचे वारे वाहू लागले. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रराष्ट्रांचे रणगाडे सरहद्द ओलांडून आत घुसले. हुसा त्या वेळी न्यूयॉर्क राज्यातील एका सरोवराकाठी रेडिओवर बातम्या ऐकत होते. परदेशी बसून जन्मभूमीच्या बातम्यांसाठी रेडिओला कान लावणे काय असते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. इथाका कॉलेजच्या बँडसाठी एक रचना लिहून द्यायची होती. तीत त्यांनी प्राग उभे केले. ३१ जानेवारी १९६९ रोजी वॉशिंग्टन येथे ती प्रथम वाजली. त्याच्या अवघे बारा दिवस आधी यान पालाख हा विद्यार्थी प्रागमध्ये मरण पावला होता. परकीय सैन्याच्या निषेधार्थ त्याने स्वतःला पेटवून घेतले होते.

आता प्रत्यक्ष संगीताकडे वळू. रचनेचे चार भाग आहेत आणि ती वीस मिनिटांहून थोडी अधिक चालते. रणगाड्यांची घरघर ऐकायला मिळेल या अपेक्षेने जो बसेल त्याची निराशा होईल. आरंभी अगदी हळू, टिंपनीवर चार स्वर वाजतात, आणि वर एकटा पिकोलो पाखरासारखा बोलू लागतो. हुसा यांच्या मनात हे पाखरू स्वातंत्र्याचे प्रतीक होते, हजार वर्षांत प्रागने क्षणभरच पाहिलेल्या स्वातंत्र्याचे. पाखराखाली तीन गूढ स्वरमेळ मंदपणे येऊन जातात. हेच तीन स्वरमेळ पुढे भयंकर आवाजात परत येतात. पहिल्यांदा ते जवळजवळ कानाआड झालेले असतात म्हणूनच दुसऱ्या वेळी ते अंगावर येतात. संकट बाहेरून अचानक आले नाही, शांततेच्या पोटातच ते दबा धरून होते, असे ही बांधणी सांगते. असे वर्णन नकलेला साधत नाही.

मग ट्रंपेट धोक्याचा इशारा देतात. एकच स्वर पुनःपुन्हा, तुटक, घाईचा. सिनेगॉगमध्ये शोफारची तेरूआ ऐकलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. श्वासाने वाजणारे वाद्य हाक मारते तेव्हा त्या हाकेत शरीर असते. हेच संगीत व्हायोलिनांच्या वृंदाने वाजवले तर दुःख पोचेल, हाक तितकी पोचणार नाही. हुसा यांनी पुढे याच रचनेची पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीही आवृत्ती केली, परंतु आम्हांला मूळ बँडचाच पेहराव अधिक शोभून दिसतो.

दुसऱ्या भागात सॅक्सोफोन आणि इतर वाद्यांवरून एक लांबलचक, जड पावलांची चाल सरकत राहते, आणि तिच्याभोवती धातूच्या नळ्यांचे घंटानाद. प्राग हे शेकडो मनोऱ्यांचे शहर. तेथील घंटांनी शतकानुशतके संकटाची वर्दी दिली आणि विजयाचीही. तिसरा भाग केवळ तालवाद्यांचा. फुंकणारे सारे वादक हातातली वाद्ये मांडीवर ठेवून स्वस्थ बसतात. ज्यांचा आवाज श्वासातून येतो तेच गप्प झालेले पाहणे हा या रचनेतील आम्हांला सर्वांत बोलका वाटलेला क्षण आहे. शेवटी उरतो तो एकटा स्नेअर ढोल. त्याची थरथर वाढत वाढत कानठळ्या बसवते आणि मध्ये उसंत न देता चौथा भाग सुरू होतो.

आरंभीच्या टिंपनीच्या चार स्वरांचे रहस्य आता उलगडते. ते पंधराव्या शतकातील हुसपंथी योद्ध्यांच्या एका गीताचे पहिले स्वर आहेत. चेक लोकांच्या दृष्टीने हे गीत प्रतिकाराचे आणि आशेचे. स्मेताना यांनीही ‘माझा देश’ या मालिकेतील शेवटच्या दोन रचनांत त्याचाच आधार घेतला. स्मेताना यांच्याकडे ते विजयाच्या थाटात प्रकट होते. हुसा यांच्याकडे शेवटी सारा वृंद मिळून ते गीत उच्चारतो खरा, परंतु पूर्ण गीत रचनेत कोठेही येत नाही. १९६८ साली त्याहून अधिक म्हणणे खोटे ठरले असते. विजय झालेला नसताना विजयगीत पुरे करायचे नाही, हा हुसा यांचा प्रामाणिकपणा आम्हांला त्यांच्या साऱ्या कारागिरीहून मोलाचा वाटतो.

आता आमचा आक्षेप. हुसा यांनी स्वरलिपीच्या आरंभी एक प्रस्तावना लिहिली आणि प्रत्येक प्रयोगाच्या वेळी ती संपूर्ण छापावी किंवा श्रोत्यांना वाचून दाखवावी असे बजावले. संगीताला अशा शब्दांच्या कुबड्या का लागाव्यात, असा प्रश्न पडतो. ज्याला हुसपंथी गीत ठाऊक नाही त्याला हे चार स्वर केवळ चार स्वरच.

परंतु आपल्याच घरचे एक उदाहरण पाहावे. स्मेताना यांच्या ‘व्हल्टावा’ या रचनेतील नदीची चाल आणि आपले ‘हातिकवा’ ही एकाच जुन्या इटालियन सुरावटीच्या कुळातली मानली जातात. चेक माणसाला त्या सुरांत नदी दिसते. इस्राएलमध्ये ते सूर उठले की माणसे उभी राहतात. सूर तेच, आठवण निराळी. म्हणजे काय दिसावे हे सूर एकटे ठरवीत नाहीत, ऐकणाऱ्याची आठवणही ठरवते. ज्याच्याजवळ ती आठवण नाही त्याला हुसा आपली उसनी देऊ पाहतात. म्हणून आमचा आक्षेप आम्ही निम्मा मागे घेतो. निम्मा राहतो तो यासाठी की, दबलेले स्वरमेळ, तुटकी हाक, गप्प बसलेले वादक हे सारे प्रस्तावनेवाचूनही कळते, आणि रचनेचे खरे बळ तेथेच आहे.

दुसरी उणीव वाजवणाऱ्यांची. अनेक बँड ही रचना पहिल्यापासूनच जोरात वाजवतात. हळू वाजवणे फुंकवाद्यांना कठीण असते हे खरे. पण पहिल्या मिनिटातील कुजबुज हरवली तर शेवटच्या मिनिटातील गर्जना नुसता गोंगाट ठरते. श्रोत्यांनीही हे संगीत गोड असेल अशी आशा धरू नये. ते कर्कश आहे, आणि ते तसेच असायला हवे.

१९९० च्या फेब्रुवारीत, राजवट कोसळल्यानंतर, हुसा यांनी प्रागमध्ये स्वतः या रचनेचे संचालन केले. लिहिल्यापासून एकवीस वर्षांनी ती आपल्या गावी पोचली. हुसा स्वतः मात्र अमेरिकेतच राहिले आणि २०१६ साली तेथेच वारले. जन्मगावावर प्रेम असणे आणि परक्या भूमीत मुळे धरणे, या दोन गोष्टींत त्यांना भांडण दिसले नाही. आपल्यालाही ते दिसू नये.

आपल्या लोकांत कोकणाच्या, मुंबईच्या आठवणी निघाल्या की बहुधा गोड गोष्टीच निघतात. नारळाची झाडे, मलिदा, समुद्राचा वारा. त्या आठवणी खऱ्या आहेत. परंतु मागे राहिलेल्या गावाविषयी केवळ गोडच बोलायचे असा नियम नाही. त्याच्या संकटाविषयी बोलणे हेही प्रेमच आहे, हे हुसा यांनी दाखवले. तेव्हा आपल्या मुलाने किंवा नातीने बँडमध्ये नाव घातले असेल, तर एका संध्याकाळी ही रचना त्यांच्याबरोबर बसून ऐकावी. प्रस्तावना आधी वाचू नये. पहिल्याने नुसते ऐकावे, मग मुलांना विचारावे की काय दिसले. आणि नंतर प्रागची हकीकत सांगून पुन्हा एकदा ऐकावे. दुसऱ्या खेपेस त्यांना काय निराळे ऐकू आले, ते त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखे असेल.