तुरळक ठिकाणी म्हणजे नेमकं कुठे?

मागच्या श्रावणात चार दिवस घरी होते. घर ब्रह्मपुरी तालुक्यात; वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. रोवणी आटोपली होती, मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून एक दिवस ठरवून आकाशवाणी ऐकली. गाणी लागली की आवाज कमी, बोलणं सुरू झालं की वही उघडी. सकाळी सातला पाच कमी असताना लागणाऱ्या संस्कृत बातम्यांपासून रात्री पावणेनऊच्या हिंदी बातम्यांपर्यंत. माझी पीएचडी पावसाच्या अंदाजांवर आहे, त्यामुळे कान कुठे टवकारणार हे उघडच होतं.

आधी चांगलं सांगते. दिवसभरात कुणी ओरडलं नाही, कुणी कुणाचं बोलणं तोडलं नाही. टीव्हीची सवय झालेल्या कानांना हा मोठाच आराम. सगळ्यात जास्त आवडला संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम. धानावरच्या खोडकिडीबद्दल एक तज्ज्ञ बोलत होते, सगळे हिशेब हेक्टरी. मुलाखत घेणाऱ्यानं मध्येच विचारलं, "म्हणजे एकरी किती?" माझ्या मते दिवसभरातलं हे सर्वोत्तम वाक्य. कारण ते ऐकणाऱ्याच्या बाजूनं विचारलेलं होतं.

आता हवामान. विदर्भात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता, हे वाक्य आपण सगळ्यांनी शेकडो वेळा ऐकलंय. त्या दिवशीही आलं. आबा युरियाची पिशवी काढून बसले होते. खत टाकल्यावर जोराचा पाऊस आला तर बांधीतलं पाणी वाहून जाणार आणि पैसेही. ते मला म्हणाले, "तुरळक म्हनजे आपल्याकडे का नाही, थे सांग ना. तू तं त्यातच शिकून राह्यली."

मी सांगितलं ते असं. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे 26 ते 50 टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे 51 ते 75 आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. 'मुसळधार' हेही विशेषण नाही, माप आहे: 24 तासांत 64.5 मिलिमीटर किंवा जास्त. 115.6 पासून 'अति मुसळधार', 204.4 च्या वर 'अत्यंत मुसळधार'. म्हणजे आपण ज्याला मोघम मराठी समजतो ते खरं तर आकडेच आहेत, शब्दांचे कपडे घातलेले. ते कपडे उतरवून दाखवायचं काम रेडिओ सहसा करत नाही.

इथे अभ्यासक म्हणून एक कबुली द्यायला हवी. 'तुरळक' हा शब्द प्रामाणिक आहे. ढग नेमका कोणत्या गावावर फुटेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. जो सांगेल तो फसवतोय. पण 'विदर्भ' या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत 11 जिल्हे, आणि गडचिरोलीत बुलढाण्याच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो. या सगळ्यांना एकच वाक्य! जिल्हावार इशारे आणि कृषी सल्ले हवामान खातं काढतंच. माहिती आहे, ती ऐकणाऱ्याच्या कामाच्या वाक्यात यायला हवी.

दुसरी गोष्ट, पूर विभागांच्या रेषा मानत नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस आमच्या भागात वैनगंगेचा जो पूर आला, तो मुख्यतः वर मध्य प्रदेशात झालेल्या पावसाचा आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याचा. तिकडे भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. इंद्रावती फुगते ती बस्तरच्या पावसानं. नुसत्या विदर्भाच्या अंदाजात हे पाणी दिसत नाही. धरणाचा विसर्ग क्युमेक्समध्ये सांगतात. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला हजार लिटर. बरोबरच आहे, पण नदीकाठच्या माणसाला हवं असतं वेगळंच: पाणी आपल्या घाटाला कधी लागेल, गुरं आज हलवायची की उद्या? आणि भामरागडकडे ज्यांची घरची भाषा माडिया किंवा गोंडी आहे, त्यांच्यापर्यंत हे प्रमाण मराठी वाक्य पोचताना आणखी एक नदी ओलांडतं.

वेळ कमी असतो, प्रत्येक गावाचं कसं सांगणार, असं कुणी म्हणेल. मान्य. पण आकाशवाणीनं यावरचा उपाय फार पूर्वी करून पाहिलाय. 1956 मध्ये पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळं बसवली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, असे एकूण 20. लोक एकत्र ऐकायचे, चर्चा करायचे, प्रश्न लिहून पाठवायचे आणि पुढच्या कार्यक्रमांत उत्तरं मिळायची. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनं पॉल न्यूरथ यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा मंडळं असलेल्या गावांत लोकांचं ज्ञान लक्षणीय वाढल्याचं दिसलं. तंत्रज्ञान तेच होतं, रेडिओचं. फरक पडला तो ऐकणाऱ्याला उलट विचारता आलं म्हणून.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. अंदाज वाचून झाला की त्याला जोडून एकच वाक्य यावं, 'म्हणजे एकरी किती?' या जातीचं. नदीकाठी असाल तर काय करायचं, खत टाकायचं असेल तर काय.

आबांना मी शेवटी म्हटलं, "चारातल्या एका ठिकाणी, तेही फार तर. आपलं गाव त्या एकात आहे का, थे मलेही नाही सांगता येत." त्यांनी थोडा विचार केला आणि अर्धी पिशवी टाकली, अर्धी ठेवली. माझ्या गाइडनंही याहून वेगळा सल्ला दिला नसता.