निसर्ग म्हणजे नेमके काय? एका गाजलेल्या पुस्तकाची कोपरीतून तपासणी

रिचर्ड लूव या अमेरिकन पत्रकाराचे ‘लास्ट चाइल्ड इन द वुड्स’ हे पुस्तक २००५ साली प्रसिद्ध झाले. आजची मुले घराबाहेर पडत नाहीत, झाडे, पाणी, माती, किडे यांच्याशी त्यांचा संबंध तुटला आहे, आणि त्याचे परिणाम त्यांच्या शरीरावर, मनावर व शिकण्यावर होत आहेत, असे त्याचे म्हणणे. या अवस्थेला लूवने ‘निसर्ग-अभाव विकार’ असे नाव दिले. ते इतके लोकप्रिय झाले की शिक्षकांच्या शिबिरांत, पालकसभांत ते एखाद्या सिद्ध झालेल्या रोगाप्रमाणे उच्चारले जाते.

पुस्तक वाचनीय आहे यात शंका नाही. लूवने पुष्कळ मुलांशी व पालकांशी बोलून ते लिहिले आहे. विजेचे प्लग घरात असतात म्हणून मला घरातच खेळायला आवडते, असे सांगणारा चौथीतला मुलगा त्यात भेटतो, आणि असा मुलगा आपल्या वर्गातही आहे हे शिक्षकाला लगेच जाणवते. पालकांची भीती, मोकळ्या जागांवर झालेली बांधकामे, खटल्यांच्या धास्तीने लावलेले ‘प्रवेश बंद’चे फलक, शिकवण्या आणि स्पर्धा यांत बुडालेली दुपार, ही सारी कारणे त्याने नोंदवली आहेत. एकट्या दूरदर्शनवर वा संगणकावर खापर फोडलेले नाही, हे विशेष. आज मोबाइलच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी ही प्रकरणे तरी जरूर वाचावीत.

परंतु ‘विकार’ या शब्दाने घोटाळा केला. हे वैद्यकीय निदान नव्हे, असे लूव स्वतःच म्हणतो. पण नाव वैद्यकीय ठेवायचे आणि खुलासा मजकुरात करायचा, याचा परिणाम काय होणार हे त्याच्यासारख्या मुरलेल्या पत्रकाराला कळत नसेल असे वाटत नाही. पुस्तकातले बरेचसे पुरावे हे सहसंबंधाचे आहेत. ज्या मुलांना हिरवळ लाभते त्यांना बहुधा मोठे घर, सवडीचे पालक आणि शांत वस्तीही लाभते. मग गुण कोणाचा? पुढे २००९ मध्ये अवधान-विकार असलेल्या मुलांना बागेत वीस मिनिटे फिरवून आणल्यास त्यांची एकाग्रता वाढते, असा एक प्रयोग इलिनॉय विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. प्रयोगाची आखणी चांगली होती, कारण तीच मुले शहराच्या भर वस्तीतूनही फिरवून आणली होती. पण मुले होती सतरा. सतरा मुलांवरून दिशा मिळते, ठाम नियम मिळत नाही.

उलट एक भक्कम पुरावा आहे, आणि तो लूवच्या बाजूचा की विरुद्धचा हे ठरवताना गंमत होते. चीनमधील ग्वांगझू शहरातल्या बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला व २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास वर्गाबाहेर दिला. बाकीच्या शाळा होत्या तशाच चालू ठेवल्या. तीन वर्षांनी बाहेर जाणाऱ्या गटातील ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टीचा दोष जडला होता, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९.५ टक्के होते. आता याचे कारण झाडे नव्हेत. वर्गातला प्रकाश साधारण तीनशे ते पाचशे लक्स असतो, तर उघड्यावर तो दहा हजारांच्या पुढे सहज जातो. तीव्र प्रकाशात दृष्टिपटलातून डोपामिन अधिक स्रवते व त्यामुळे नेत्रगोलाची लांबी वाढण्यास आळा बसतो, असा बहुतेक संशोधकांचा कयास आहे. म्हणजे हा लाभ शाळेच्या सिमेंटच्या अंगणातही मिळेल. त्यासाठी जंगल लागत नाही, शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला न देण्याचा निग्रह मात्र लागतो.

‘निसर्ग’ या एका शब्दाच्या पिशवीत लूवने तीन निरनिराळ्या गोष्टी भरल्या आहेत. पहिली म्हणजे उजेड. दुसरी म्हणजे हालचाल. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती मैदानावर मिळते, तशी गल्लीतल्या लंगडीतही मिळते. तिसरी गोष्ट म्हणजे आपल्याहून वेगळे, आपल्या इच्छेने न चालणारे, दिवसागणिक बदलणारे जग पाहणे व त्याचा अर्थ लावू लागणे. ही तिसरीच गोष्ट फक्त निसर्गात मिळते, आणि तिचीच जबाबदारी विज्ञानशिक्षकावर आहे. नेमक्या तिच्याबद्दल हे पुस्तक भावुक होते. लूवच्या मनातला निसर्ग म्हणजे त्याच्या बालपणीचे मिसूरी-कॅन्ससमधले रान. ते मोकळे, रिकामे आणि सुट्टीतले आहे. तेथे पोट भरण्यासाठी कोणी जात नाही.

कोपरीत बसून हे वाचताना म्हणूनच अडखळायला होते. ठाणे पूर्वेची ही वस्ती एका बाजूला रेल्वेचे रूळ आणि दुसऱ्या बाजूला खाडी यांच्यामध्ये वसली आहे. जवळच चेंदणी कोळीवाडा आहे, आणि मीठबंदर हे नावच जुना व्यवहार सांगते. येथे निसर्ग हरवलेला नाही, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तो सुंदर मात्र नाही. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात, सांडपाण्याचा वास येतो. आणि त्याच चिखलात तिवराची श्वसनमुळे पेन्सिलींप्रमाणे उभी असतात, निवट्या उड्या मारतात, एक नांगी भलतीच मोठी असलेले खेकड्यांचे नर ती नांगी हलवत माद्यांना बोलावतात. तिवराच्या पानावर भिंग धरले तर मिठाचे कण दिसतात. झाड नको असलेले मीठ पानांतून बाहेर टाकते.

याच खाडीचा ऐरोली पुलाच्या दक्षिणेकडील भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला व २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत गेला. रोहित पक्ष्यांची ही गर्दी सांडपाण्यातील नायट्रेट-फॉस्फेटांवर फोफावणाऱ्या शेवाळामुळेही असावी, असे अभ्यासकांना वाटते. शुद्ध निसर्ग आणि घाणेरडे शहर अशी वाटणी करणाऱ्या पुस्तकात या पक्ष्याला बसवायचे कोठे?

कोळीवाड्यातल्या पिढ्यान्‌पिढ्यांना खाडी हे कामाचे ठिकाण होते. अशा मुलांना निसर्गात ‘नेण्याचा’ प्रश्नच नसतो. हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले होते ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. जुन्या ठाणे जिल्ह्यात (आज पालघर) प्रथम बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर त्यांनी काम केले. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणावर नेली. तिचे नाव कुरणशाळा. खडे, पाने, बिया हे शैक्षणिक साहित्य. मुलाला निसर्गाची कमतरता नव्हती, त्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींना शाळेत किंमत नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आले. लूवच्या पुस्तकात ही बाजू जवळजवळ नाही. ते कोसबाद माहीत असलेल्या मराठी शिक्षकाने वाचले तर त्याला ही उणीव पहिल्या शंभर पानांतच जाणवेल.

मग आमच्या शाळा तरी काय करतात? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्यास सांगितले. विषय आला, अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ही आले, आणि त्यांच्यापाठोपाठ बाजारात तयार प्रकल्पवह्या आल्या. खालच्या वर्गांत ‘परिसर अभ्यास’ असे सुरेख नाव आहे. पण छापील पुस्तकात कोपरीचा परिसर येणार कोठून? तो शिक्षकानेच आणायचा असतो. ऐरोलीचे सागरी जैवविविधता केंद्र पाहण्यासारखे आहे, परंतु मूल तेथे फार तर वर्षातून एकदा जाते, रांगेत चालते, फोटो काढते. एका भेटीत बदल दिसत नाही, आणि बदल दिसल्याखेरीज प्रश्न पडत नाही.

येथे शिक्षक सुरक्षिततेचा मुद्दा काढतील, आणि तो खोटा नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, हमीपत्रे वाढली. ते आवश्यकच होते. पण किनाऱ्याच्या जिल्ह्यांतील किती शाळांत त्यानंतर भरती-ओहोटीचे वेळापत्रक काढायला शिकवले गेले? मुलांना पाण्यापासून दूर ठेवण्याचा बंदोबस्त झाला, पाणी ओळखायला शिकवण्याचा झाला नाही. लूव अमेरिकेतल्या खटल्यांच्या भीतीबद्दल पोटतिडकीने लिहितो, पण भीतीचे उत्तर त्याच्या लेखी बहुतांशी मोकळीक हे आहे. माझ्या मते ते उत्तर माहिती हे आहे.

आणि ती माहिती घराच्या भिंतीवर टांगलेली असते. कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पाऊणकी तोंडपाठ असलेल्या पिढीला हा हिशेब बोटांवर होता. आता वर्गाला तो पौर्णिमेसाठी करायला सांगा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा, एक पाऊणे पाऊण. म्हणजे सव्वाअकरावरून एकदम पाऊण वाजता! रोज पाऊण तास पुढे सरकणारी भरती एका दिवसात दीड तास कशी सरकली? सातवी-आठवीचा वर्ग यावर घोळ घालील, घालू द्यावा. चंद्र एका तिथीत सूर्यापासून बारा अंश पुढे जातो. ३६० अंशांना २४ तास, तर बारा अंशांना ४८ मिनिटे, म्हणजे तासाचे चार पंचमांश. पाऊणऐवजी चार पंचमांशाने गुणले तर पौर्णिमेला बारा आणि प्रतिपदेला बारा अठ्ठेचाळीस. उडी नाहीशी होते. पाऊणपट तोंडी करायला सोपी, म्हणून ती रूढ झाली असावी.

हा हिशेब उघड्या किनाऱ्याचा. खाडीत आत भरती आणखी उशिरा पोचते. कोपरीला ती किती उशिरा येते हे कोणत्याही पुस्तकात शोधू नये. बंदराच्या धक्क्यावर किंवा पुलाच्या खांबावर खूण ठरवून, काठावरूनच, दोन-चार वेळा पाहिले की समजते. चिखलात उतरण्याची गरज नाही, आणि उतरूही नये. तो गुडघ्यापेक्षा खोल असतो व त्यात काचा असतात. दोन मोठी माणसे, एक भिंग, एक घड्याळ आणि पंचांग एवढे पुरते.

सकाळच्या शाळेचा शनिवार यासाठी सोयीचा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, तेव्हा सकाळी नऊच्या आसपास चिखल उघडा हवा असेल तर भरती दुपारी तीनला असलेला दिवस पाहिजे. तीनाला चार पंचमांशाने भागले की तिथी येते पावणेचार, म्हणजे तृतीया-चतुर्थी, शुद्ध वा वद्य कोणतीही. खाडीचा उशीर त्यातून वजा करून असे शनिवार जूनमध्येच शोधून वेळापत्रकात लिहून ठेवता येतात. पावसाळ्यातले वगळले तरी वर्षाकाठी चार-पाच सहज निघतात.