सिद्राची छावणी आणि सविकल्प समाधि

जॉर्डनमधील झातारी येथील निर्वासितांच्या छावणीवर ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ हें आभासी वास्तवाचें लहानसें चित्र २०१५ सालीं निघालें. गाबो अरोरा व ख्रिस मिल्क हे त्याचे कर्ते. डोळ्यांवर यंत्र चढविलें कीं पडद्याची चौकट नाहींशी होते. मान वळवावी तिकडे छावणीच. सिद्रा ही बारा वर्षांची सीरियन मुलगी घर, शाळा, रोट्यांची भट्टी यांमधून आपणांस हिंडविते. यंत्राचें कौतुक एवढ्यावर पुरे.

मिल्क यांनीं त्याच वर्षीं या यंत्रास सहानुभूतीचें सर्वश्रेष्ठ साधन ठरविलें. हा दावा तपासल्यावांचून सोडणें बरें नव्हे. कै. न. चिं. केळकर यांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत वाङ्मयानंदास ‘सविकल्प समाधि’ म्हटलें: दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरावयाचें, परंतु स्वतःचें भान न सोडतां. हें यंत्र मनुष्यास सिद्राच्या भूमिकेंत नेत नाहीं. तिच्या शेजारीं नेऊन उभें करतें, इतकेंच. तेथें आपणांस देह नाहीं, सांवली नाहीं, भूकही नाहीं; आणि कंटाळा आलाच तर यंत्र उतरवून ठेवतां येतें. छावणीचें सारें दुःख तेथून निघतां न येण्यांत आहे, आणि नेमकें तेंच येथें गळलें आहे! ती बोलत असतां तिच्याकडे पाठ करून आकाश न्याहाळण्याचीही मुभा आहे. आम्हीं ती घेतली, हें कबूल केलेंच पाहिजे. मुलें आपल्याभोवतीं कडें करून उभीं राहतात तो प्रसंग तेवढा अपवाद. तेथें पाहणारा स्वतःच पाहिला जातो आणि किंचित् ओशाळतो.

जानेवारी २०१५ मध्यें दावोस येथील धनिकांच्या व मुत्सद्द्यांच्या मेळाव्यांत हें चित्र दाखविलें गेलें. पुढें युनिसेफनें वर्गणी मिळवितांना त्याचा उपयोग केला. वर्गणी मिळो, आमची तक्रार नाहीं. परंतु दानशूरता ही रसिकतेची साक्ष होत नाहीं.

मग या चित्रांत मन हलतें कोठें? सिद्रा सांगते कीं तिचा तान्हा भाऊ फार रडतो. तिनें बापास विचारलें, लहानपणीं मी रडत होतें काय? तो म्हणाला, नाहीं. यावरून तिनें ठरवून टाकलें कीं आपण भावाहून बळकट होतों. हें ऐकतांना आम्ही खरोखर तिच्या भूमिकेंत शिरलों. परंतु हें काम शब्दांनीं केलें. त्या वेळीं डोळ्यांवर यंत्र नसतें तरी चाललें असतें.