टाळ्या झाल्या, प्रश्न राहिला

विज्ञानदिनानिमित्त पेठच्या एका शाळेत रेडिओ-नियंत्रित विमानाचे प्रात्यक्षिक होते. मी पाहुणा म्हणून गेलो होतो. आधीच सांगतो, पुढील टीकेचा पहिला धनी मीच आहे. बाहेरून आलेल्या तरुणांनी फोमचे तयार विमान खोक्यातून काढले, पंख रबराने बांधले आणि मैदानावरून चार गिरक्या मारून उतरवले. टाळ्या झाल्या. मग आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, ते वर कशानं राहतं?"

ध्वनिक्षेपक माझ्याकडे आला. मी फळ्यावर पंखाचा छेद काढला आणि वर्षानुवर्षे सांगितले जाते तेच सांगितले. पंख वरून फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता. खालच्या हवेबरोबरच मागच्या कडेला पोचायचे म्हणून ती वेगाने धावते. वेग जास्त तेथे दाब कमी. मुलीने विमानाच्या शेपटीकडे बोट दाखवले. "ही तर सपाट आहे. मग ही कसं काम करते?" मी वेळ संपल्याचे सांगून सुटका करून घेतली.

या स्पष्टीकरणातला 'बरोबरच पोचायचे' हा भाग निखालस चुकीचा आहे. वरची आणि खालची हवा एकाच क्षणी भेटावी, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. केंब्रिजचे होल्गर बाबिन्स्की यांनी २००३ साली शिक्षकांसाठीच लिहिलेल्या एका लेखात धुराच्या रेषांच्या आधारे हे दाखवले आहे. वरची हवा खालच्या हवेच्या पुष्कळ आधी मागे पोचते. बर्नुलीचे तत्त्व खोटे नाही; त्याला जोडलेले कारण खोटे आहे. पंख वाऱ्याशी थोडा तिरपा असतो, हवेचा प्रवाह त्याला धरून वळतो आणि खाली ढकलला जातो. वर कमी आणि खाली जास्त दाब पडतो, तो याच वळण्यामुळे. म्हणूनच सपाट पट्टीही उडते आणि कसरतीचे विमान उलटे होऊनही उडते.

फोमचे तयार विमान हे प्रश्न झाकून ठेवते, ही माझी दुसरी तक्रार. बाल्साचे विमान स्वतः बांधताना ते झाकता येत नाहीत. बाल्सा हे दक्षिण व मध्य अमेरिकेतले झाड. आपल्या रानातल्या काटेसावरीच्याच कुळातले. त्याचे लाकूड घनमीटरला साधारण १०० ते २०० किलोग्रॅम भरते. साग ६५० च्या आसपास. धारदार पात्याने कापावे, फासळ्या एकेक करून आडव्या दांड्यावर बसवाव्यात, वर पातळ आवरण ताणावे. प्रत्येक फासळी हातातून गेली की पंखाचा आकार पाठ करावा लागत नाही.

पण बाल्साच्या संचांबरोबर येणाऱ्या सूचनापुस्तिकाही निर्दोष नाहीत. कोणता तुकडा कोठे चिकटवायचा याची पाने भरलेली असतात आणि विमान ज्यावर तरते ती गोष्ट शेवटी एका ओळीत उरकलेली असते: 'गुरुत्वमध्य येथे ठेवा'. का, ते नाही. माझ्या पहिल्या विमानाचा पंख दीड मीटर लांब आणि २० सेंमी रुंद होता. गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून ६ सेंमीवर हवा होता. मागे जागा मोकळी दिसली म्हणून मी बॅटरी तेथे बसवली आणि तो ९ सेंमीवर गेला. हातातून सुटताच विमानाने नाक वर केले, क्षणभर थबकले आणि कोसळले. दोन महिन्यांचे काम चार सेकंदांत संपले.

पेठच्या मुलांना हे समजावण्यासाठी आकृतीही लागत नाही. बाणाचे टोक जड आणि पिसे मागे का, हे त्यांना माहीत असते. जड भाग पुढे असला की वाऱ्याच्या धक्क्याने वाकडी झालेली दिशा शेपूट पुन्हा सरळ करते. वजन फार मागे गेले तर तोच धक्का वाढत जातो.

थबकण्याचेही गणित वरच्या वर्गात करून घेता येते. विमानाचे वस्तुमान १.२ किलोग्रॅम, पंखाचे क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर, हवेची घनता १.१ आणि उचलीचा महत्तम गुणांक १.१ धरला, तर किमान वेग सेकंदाला सुमारे ८ मीटर येतो, म्हणजे ताशी २९ किलोमीटर. सायकलवरून जोर लावून गाठता येईल असा हा वेग आहे. त्याखाली एलेव्हेटर कितीही ओढला तरी विमान चढत नाही, पडते. नवशिक्याचा हात नेमका तेव्हाच जास्त ओढतो.

बाल्साची भलामण करतानाही एक अडचण सांगायला हवी. तो आयात होतो आणि महाग पडतो. २०२० च्या सुमारास पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी त्याची मागणी इतकी वाढली की इक्वेडोरच्या जंगलांत बेकायदा तोड झाली. रेडिओ, सर्व्हो, मोटार यांचा खर्च वेगळाच. डोंगरउताराच्या शाळेत मोकळे सपाट मैदान मिळणेही सोपे नाही. नाशिककडे ओझरची धावपट्टी आणि लष्करी क्षेत्रे आहेत. तेथे २०२१ च्या ड्रोन नियमांतले हिरवे, पिवळे, लाल पट्टे पाहिल्याशिवाय काहीही उडवू नये.

तेव्हा सुरुवात मोटारीशिवाय करावी. दीड मिलिमीटर जाडीच्या बाल्साच्या एका पट्टीत ३० सेंमी लांब, सपाट पंखाचे तरंगते विमान होते. बाल्सा नसेल तर थर्मोकोलच्या ताटलीचे करावे. नाकाला चिकणमाती लावून ती चिमटी-चिमटीने कमी करत जावे, आणि दर खेपेला गुरुत्वमध्य व पल्ला वहीत मांडावा.

मी तेच घेऊन पुन्हा त्या शाळेत गेलो. आधी फळ्यावरची माझी चूक सांगितली. मग ती मुलगी व तिच्या मैत्रिणींनी दुपारभर मोजणी केली. सर्वांत लांबचा पल्ला कोठे मिळतो ते त्यांना सापडले. तेथून माती आणखी काढल्यावर विमानाने नाक वर करून माझ्या पहिल्या विमानासारखीच गत करून घेतली. शेपटीची मागची कड कागदाएवढी वर वाकवली तर काय होते, ते पाहायचे राहिले. पाच वाजता एसटी होती.